पामोना भाषेचा अभ्यास कसा सुरू करावा

पामोना ही इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरची ऑस्ट्रोनेशियन कुळातली भाषा. पोसो सरोवराच्या भोवतालची गावं, तिथून उत्तरेला तोमिनीच्या आखातावरचं पोसो शहर आणि दक्षिणेला दक्षिण सुलावेसी प्रांताच्या हद्दीत शिरलेली काही वस्ती एवढा तिचा मुलूख. बोलणारे लाखाहून जास्त आहेत. ही भाषा अवघड नाही. पाच स्वर आहेत, प्रत्येक अक्षर स्वरान्त आहे आणि प्रत्ययांची चाल नियमित आहे. अवघड आहे ते तिच्यावर लिहिलेलं साहित्य वाचणं. बहुतेक नवखे अभ्यासक तिथेच अडखळतात, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

कोणत्या नावाने शोधायचं

ग्रंथालयाच्या सूचीत फक्त ‘पामोना’ शोधलं तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं जवळजवळ काहीच सापडत नाही. तेव्हा या भाषेचं नाव ‘बारे'ए’ होतं. या शब्दाचा अर्थ ‘नाही’. मध्य सुलावेसीत भाषांना त्यांच्या नकारावरून ओळखण्याची रीत आहे. शेजारच्या ता'आ, लेदो आणि उमा या नावांचा अर्थही तोच. त्यामुळे शोध तीन नावांनी घ्या: पामोना, बारे'ए आणि पोसो. बारे'ए शोधताना मधल्या चिन्हासह एकदा आणि चिन्हाशिवाय एकदा असे दोन वेगळे शोध लागतात.

वसाहतकाळातल्या पुस्तकांत या लोकांना ‘बारे'ए बोलणारे तोराजा’ म्हटलेलं आढळेल. आज तोराजा म्हटलं की दक्षिण सुलावेसीच्या डोंगरातले सा'दान तोराजा समजले जातात. त्यांची भाषा वेगळ्या शाखेची आहे, म्हणून शीर्षकात तोराजा दिसलं की आधी प्रदेश तपासा. आंतरजालावर आणखी एक गोंधळ होतो. व्हेनेझुएलातली पेमोन ही कॅरिब कुळातली भाषा शोधयंत्रं पामोनाच्या जागी पुढे करतात. तो टाळायचा तर भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतातली पामोनाची तीन अक्षरं शोधात जोडा: पी, एम, एफ.

ता'आ ही पामोनाची अगदी जवळची नातेवाईक. काही याद्यांत ती पामोनाची बोली म्हणून येते, काहींत स्वतंत्र भाषा म्हणून. शब्दसंग्रह जुळवताना ता'आचे शब्द पामोनाच्या रकान्यात टाकू नका. वेगळा रकाना ठेवा, मग वर्गीकरणाचा वाद तुमच्या कामाच्या आड येणार नाही.

आधी इंडोनेशियन

पामोना थेट इंग्रजीतून शिकण्याइतकं साहित्य हाताशी नाही, त्यामुळे कामचलाऊ इंडोनेशियन आधी यायला हवी. पामोना बोलणारी मंडळी इंडोनेशियनही बोलतात आणि तुमचे प्रश्न त्याच भाषेतून जाणार आहेत. दोन्ही भाषा एका कुळातल्या असल्याने इंडोनेशियन येत असेल तर पामोनाचे कितीतरी शब्द ओळखीचे वाटतात. ही ओळख उपयोगी आहे तशी फसवीही आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

जुना शब्दकोश आणि व्याकरण डचमध्ये आहेत, पण त्यासाठी डच भाषा पूर्ण शिकण्याची गरज नाही. शब्दकोशातली स्पष्टीकरणं समजण्यापुरते काही शे शब्द आणि वाक्यरचनेची जुजबी ओळख पुरते.

उच्चार देवनागरीत कसे टिपायचे

मराठी माणसाला इथे मोठी सोय आहे. पामोनाचे बहुतेक ध्वनी देवनागरीत नेमके उतरतात. फक्त आपल्या सवयी काही ठिकाणी आडव्या येतात.

पहिली सवय अकाराची. रोमन लिपीतलं ए (a) हे अक्षर पामोनात नेहमी ‘आ’ असं उच्चारलं जातं, म्हणून प्रत्येक वेळी काना द्या. ‘पमोन’ असं लिहिलंत तर मराठी वाचक शेवटचा ‘न’ पायमोडका वाचेल, आणि पामोनाचा मूळ शब्द व्यंजनावर कधीच संपत नाही. र्‍हस्व-दीर्घाने या भाषेत अर्थ बदलत नाही. मराठीच्या रिवाजाप्रमाणे शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहिला तरी चालतं, पण सगळीकडे तोच रिवाज पाळा, नाहीतर स्वतःच्याच नोंदींत शब्द सापडणार नाही. आघात शेवटून दुसऱ्या स्वरावर येतो.

दुसरी सवय ‘च’ आणि ‘ज’ची. हे ध्वनी ‘चिमणी’ आणि ‘जीव’ मधले तालव्य उच्चारायचे, ‘चमचा’ आणि ‘जाळं’ मधले दंततालव्य नव्हेत. ‘त’ आणि ‘द’ हे त-द असेच लिहा. रोमन लिपीत टी आणि डी दिसतात म्हणून ‘ट’ आणि ‘ड’ लिहिणारे बरेच आहेत, पण मूर्धन्य ध्वनी या भाषेत नाहीत. महाप्राणही नाहीत.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. रोमन लिपीतली एन-जी ही जोडी म्हणजे ‘ङ’ हा एकच ध्वनी, ‘ङ्ग’ नव्हे. ‘आकाश’ हा शब्द ‘याङी’ आहे, ‘यांगी’ नाही. ‘रात्र’ म्हणजे ‘वेङी’. एन-जी-जी अशी तीन अक्षरं दिसतील तेव्हाच ‘ङ्ग’ लिहायचं. मराठीत सुटा ‘ङ’ आपण वापरत नसल्याने कान आणि हात दोन्ही ‘ग’ घालतात. रोज दहा शब्द मोठ्याने म्हणून ही सवय मोडावी लागते.

चौथा ध्वनी कंठ्य स्फोट, म्हणजे दोन स्वरांच्या मध्ये घशात क्षणभर अडणारा श्वास. रोमन लिपीत तो वरच्या स्वल्पविरामाने दाखवतात आणि देवनागरीतही तेच चिन्ह ठेवावं: बारे'ए, साम्बा'आ (एक), ओन्दा'ए, पु'उम्बोतो. हे चिन्ह सजावट नाही, ते एक व्यंजन आहे. संगणकावर मात्र ते फार त्रास देतं. सरळ चिन्ह, उजवीकडे वळलेलं आणि डावीकडे वळलेलं ही तीन वेगळी चिन्हं आहेत. एकाच दस्तऐवजात तिन्ही मिसळली की शोध अपुरा राहतो, शब्दगणना चुकते आणि क्रम लावताना एकच शब्द तीन जागी जातो. पहिल्या दिवशीच एक चिन्ह ठरवा. युनिकोडमध्ये यू+०२बीसी या क्रमांकाचं चिन्ह अक्षर म्हणून गणलं जातं, त्यामुळे संगणक तिथे शब्द तोडत नाही. मोठा संग्रह करायचा असेल तर तेच वापरा. छोट्या वहीसाठी साधं सरळ चिन्ह पुरे.

शेवटी अनुनासिक जोडाक्षरं: म्प, म्ब, न्त, न्द, ञ्च, ञ्ज, ङ्क, ङ्ग. हे प्रत्येकी एका व्यंजनासारखे वागतात आणि शब्दाच्या सुरुवातीलाही येतात. ‘म्पोगाआ’ म्हणताना आधी ‘अ’ किंवा ‘इ’ घालू नका. ओठ मिटून ‘म’ धरा आणि तिथूनच ‘प’ सोडा. शब्दाच्या मध्ये अनुस्वार चालला असता, पण सुरुवातीला तो लिहिता येत नाही. एकसारखेपणासाठी सगळीकडे जोडाक्षरच लिहावं हे बरं.

जुनं वर्णलेखन: इथे घाई करू नका

भाषेवरचं पायाभूत काम निकोलाउस आद्रियानी यांचं. डच बायबल सोसायटीने पाठवलेले हे भाषाशास्त्रज्ञ १८९५ मध्ये पोसोत आले. मिशनरी आल्बर्ट क्रायट तिथे १८९२ पासून होते. १९२६ मध्ये आद्रियानी वारले. त्यांचा बारे'ए-डच शब्दकोश १९२८ मध्ये आणि व्याकरण १९३१ मध्ये छापलं गेलं. आजही पामोनाचा गंभीर अभ्यास या दोन ग्रंथांशिवाय होत नाही. दोन्ही डच वर्णलेखनात आहेत.

इंडोनेशियातलं वर्णलेखन दोनदा बदललं, १९४७ मध्ये आणि १९७२ मध्ये. पामोनाचं लेखनही त्याच वाटेने गेलं. त्यामुळे एकच शब्द तीन रूपांत भेटतो. फरक असे आहेत.

‘उ’ या स्वरासाठी जुन्या लेखनात ओ-ई अशी दोन अक्षरं आहेत. १९४७ नंतर तिथे यू आलं.

‘च’साठी टी-जे, ‘ज’साठी डी-जे आणि ‘य’साठी नुसतं जे, हे १९७२ पर्यंत चाललं. त्यानंतर ‘च’साठी सी, ‘ज’साठी जे आणि ‘य’साठी वाय.

‘ञ’साठी पूर्वी एन-जे, आता एन-वाय.

धोका जे या अक्षरात आहे. ते जुन्या लेखनात ‘य’ आहे आणि नव्या लेखनात ‘ज’. मजकूर कोणत्या काळातला हे ठरवल्याशिवाय त्या अक्षराचा उच्चार ठरवता येत नाही. मुखपृष्ठावरच्या सालावर विसंबू नका, कारण नवं लेखन सगळ्यांनी एकाच वर्षी उचललं नाही आणि जुना मजकूर पुन्हा छापताना तसाच राहतो. त्याऐवजी मजकुरातली अक्षरं पाहा. टी-जे किंवा डी-जे एकदा जरी दिसलं तरी जे म्हणजे ‘य’. मजकूर इतका छोटा असेल की दोन्ही सापडत नाहीत, तर ‘त्याचा, तिचा’ या अर्थाचा ‘-ञा’ हा प्रत्यय शोधा. तो एन-जे-ए असा लिहिला असेल तर लेखन जुनं, एन-वाय-ए असेल तर नवं.

संगणकावर जुना मजकूर नव्या लेखनात आणायचा असेल तर बदलांचा क्रम पाळावाच लागतो:

१. डच मजकूर वेगळा काढा. शब्दकोशाच्या पानावर पामोना शब्द आणि डच स्पष्टीकरण शेजारी असतात. संपूर्ण पानावर बदल चालवला तर डच शब्दांतलेही ओ-ई बदलतात आणि स्पष्टीकरण वाचण्याजोगं राहत नाही. माणसांची नावंही बाजूला ठेवा, ती जुन्याच लेखनात राहतात.

२. ओ आणि ई हे जिथे खरोखर दोन वेगळे स्वर आहेत त्या जागांवर खूण करा. डच लेखनात अशा ठिकाणी बहुधा ई वर दोन टिंबं असतात, पण छपाईत किंवा स्कॅनमध्ये ती हरवतात. ‘मोएन्दे’ या नृत्याचं नाव आंधळेपणाने बदललं तर ‘मुन्दे’ होतं. ‘मो-’ या उपसर्गानंतर ए-काराने सुरू होणारा मूळ शब्द आला की हा सापळा असतो, म्हणून ‘मो-’ ने सुरू होणारे शब्द हाताने तपासा.

३. उरलेल्या ओ-ई च्या जागी यू.

४. टी-जे च्या जागी सी.

५. डी-जे च्या जागी भाषेत न येणारं एखादं अक्षर, उदाहरणार्थ क्यू.

६. आता सगळ्या जे च्या जागी वाय. एन-जे चं एन-वाय आपोआप होतं.

७. शेवटी क्यू च्या जागी जे.

‘रस्ता’ या अर्थाच्या ‘जाया’ या शब्दावर हे करून पाहा. जुनं लेखन डी-जे-ए-जे-ए. पाचवी पायरी गाळून डी-जे चं थेट जे केलंत, तर सहाव्या पायरीत तेही वाय होऊन ‘याया’ उरतं. जे चं वाय सगळ्यांत आधी केलंत तर डी-वाय अशी भाषेत नसलेली जोडी तयार होते. क्रम पाळला की ‘जाया’ नीट येतं. प्रत्येक पायरी मोठ्या आणि लहान अक्षरांसाठी वेगवेगळी चालवा, आणि मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा.

स्कॅनमधून अक्षरं ओळखणारी प्रणाली वापरत असाल तर तीन चुका हमखास शोधाव्या लागतात: कंठ्य स्फोटाचं चिन्ह गळणं, ओ चं सी होणं, आणि ओळीच्या शेवटी तोडलेला शब्द दोन शब्द म्हणून मोजला जाणं. दर पानागणिक दहा शब्द मूळ चित्राशी ताडून पाहा. एकाहून जास्त चुका सापडल्या तर ते पान हाताने टंकलेलं बरं.

जोडशब्दांच्या लेखनातही एकवाक्यता नाही. पोसो सरोवराकाठच्या तेन्तेना गावाजवळच्या प्रसिद्ध शिळांचं नाव ‘वातू म्पोगाआ’. यात ‘म’ लहान आणि ‘प’ मोठं अक्षर असं एक लेखन, ‘म’च मोठं असं दुसरं, आणि पूर्ण नाव एकत्र जोडून तिसरं. कोणत्याही स्थलनामाचा शोध तिन्ही प्रकारे घ्यावा.

शब्द मुळापासून धरा

पामोना शिकताना सुट्या शब्दांच्या याद्या पाठ करणं वाया जातं. मूळ शब्द घ्या आणि त्याची सगळी रूपं एका पानावर मांडा. पोसो जिल्ह्याचं ब्रीदवाक्य ‘सिन्तुवू मारोसो’ आहे, म्हणजे भक्कम एकजूट. मूळ ‘तुवू’, जगणं. ‘सिन्-’ लागून ‘सिन्तुवू’, सोबतीने जगणं. ‘मो-’ लागला की क्रियापद होतं, ‘मोसिन्तुवू’. ‘पो-’ लागला की नाम, ‘पोसिन्तुवू’. लग्नाकार्याला किंवा मयताच्या प्रसंगी आप्त जी मदत आणतात आणि जिची पुढे परतफेड करायची असते, तिला हेच नाव आहे. ‘मारोसो’ मध्ये मूळ ‘रोसो’, ताकद. ‘मा-’ ने त्याचं विशेषण झालं. ‘मादागो’, म्हणजे चांगला, हाही त्याच घडणीचा.

‘मो-’ आणि ‘पो-’ ही जोडी सगळीकडे भेटेल. ‘मोगोम्बो’ म्हणजे बसून विचारविनिमय करणं, ‘पोगोम्बो’ म्हणजे तो विचारविनिमय. ‘मोगाआ’ म्हणजे वेगळं होणं. त्यातूनच ‘वातू म्पोगाआ’, ताटातुटीची शिळा. पामोना लोकांचे गट तिथून चहूदिशांना पांगले असं परंपरा सांगते. शब्दकोशात ‘म’खाली शब्द मिळाला नाही तर उपसर्ग काढून मुळाखाली शोधा.

या शेवटच्या नावातला ‘म्’ आला कुठून? दोन नामं जोडताना दुसऱ्याच्या आधी एक अनुनासिक येतो आणि पुढच्या व्यंजनाच्या स्थानाप्रमाणे बदलतो. ‘योन्दो म्पामोना’ म्हणजे पामोनाचा पूल. ‘विङ्के म्पोसो’ म्हणजे पोसोचा काठ. जुन्या धर्मातला निर्माता ‘पुए म्पालाबुरू’. क्रम मराठीच्या उलट असतो, वस्तू आधी आणि ती ज्याची तो नंतर. विशेषणही नामानंतर येतं.

‘व’ने सुरू होणाऱ्या शब्दांकडे लक्ष द्या. अनुनासिकानंतर ‘व’चा ‘म्ब’ होतो. ‘वेङी’ रात्र, पण ‘पितू म्बेङी’ सात रात्री. ‘वुया’ महिना, पण ‘तोगो म्बुया’ तीन महिने. ऐकताना ‘म्बेङी’ नवाच शब्द वाटतो, तो शब्दकोशात सापडत नाही आणि माणूस निराश होतो. ‘म्ब’ने सुरू होणारा शब्द सापडला नाही तर ‘व’खाली पाहा.

इंडोनेशियन जाणणारे इथे एक ठरावीक चूक करतात. इंडोनेशियनमध्ये असा अनुनासिक लागला की मुळातला ‘क’ किंवा ‘प’ गळतो. पामोनात तो टिकतो. ‘कोनी’पासून ‘माङ्कोनी’, म्हणजे खाणं. मुळातला ‘स’ मात्र ‘च’ होतो. ‘सानी’पासून ‘माञ्चानी’, म्हणजे जाणणं.

कर्ता दाखवणारे उपसर्गही याच मुळाला लागतात: ‘कुकोनी’ मी खाल्लं, ‘नाकोनी’ त्यानं खाल्लं. ‘मी खाल्लं’ आणि ‘त्यानं खाल्लं’ या मराठी रचनांत जसं कर्माला महत्त्व येतं, तसंच इथेही कर्म पुढे असतं. मराठीत मात्र ते काळावर ठरतं. पामोनात बोलणाऱ्याचा रोख कर्त्यावर आहे की ठरावीक कर्मावर, यावर रूप ठरतं. म्हणून ‘कु-, ना-’ यांना भूतकाळाचे प्रत्यय समजू नका.

सर्वनामं आणि आकडे

याकू मी, सिको तू, सि'आ तो किंवा ती, किता आपण, कामी आम्ही, कोमी तुम्ही. ‘किता’ आणि ‘कामी’ यांतला भेद इंग्रजीतून शिकणाऱ्याला जड जातो. मराठी माणसाला तो जन्मापासून येतो. एवढं लक्षात ठेवा की मराठीतलं आदरार्थी ‘आपण’ म्हणजे ‘किता’ नव्हे. मालकी प्रत्ययाने दाखवतात: बानुआकू माझं घर, बानुआमू तुझं, बानुआञा त्याचं, बानुआता आपलं, बानुआमामी आमचं.

‘रे'ए’ म्हणजे आहे, ‘बारे'ए’ म्हणजे नाही. ‘री’ म्हणजे ‘-त, -ला’: री तेन्तेना, तेन्तेनात. या तीन शब्दांवर पहिल्या दिवसापासून वाक्यं होऊ लागतात.

आकडे: साम्बा'आ, रादुआ, तातोगो, आओपो, आलिमा, आओनो, पापितू, उआयू, सासिओ, सापुयू. सुटं मोजताना ही पूर्ण रूपं. रात्री, महिने मोजताना सुरुवातीचा भाग गळून ‘तोगो, पितू’ अशी आखूड रूपं येतात. दोन्ही वेगवेगळी नोंदवा.

आता इंडोनेशियनशी नातं. शेवटचं व्यंजन गळतं, ‘ब’च्या जागी बऱ्याचदा ‘व’ येतो, आणि ‘आ’ किंवा ‘उ’च्या आधीचा ‘ल’ अनेक शब्दांत ‘य’ होतो. बातू, वातू (दगड). आबू, आवू (राख). बुलान, वुया (चंद्र, महिना). सपुलुह, सापुयू (दहा). ‘लाङित’मध्ये पहिलं आणि शेवटचं दोन्ही बदलून ‘याङी’ होतं. ‘इ’पुढे ‘ल’ टिकतो, जसं आलिमा आणि तालिङा (कान). हा नियम शब्द लक्षात ठेवायला वापरा, शब्द बनवायला नव्हे. ‘पालाबुरू’सारखे ‘आ’च्या आधीचा ‘ल’ राखलेले शब्दही आहेत. सारखे दिसणारे काही शब्द सरळ दगा देतात. ‘बाऊ’ इंडोनेशियनमध्ये वास, पामोनात मासा. ‘जाया’ तिकडे विजयी, इकडे रस्ता.

काव्यापासून सुरुवात करू नका. ‘कायोरी’ हा पामोनाचा पद्यप्रकार सुंदर आहे, पण त्यातली भाषा रोजच्या बोलण्यापेक्षा वेगळी असते. आद्रियानींनी टिपलेल्या तादूंच्या, म्हणजे पूर्वीच्या पुजारणींच्या मंत्रांना तर स्वतःचा शब्दसंग्रह होता. आधी साध्या कथा आणि संवाद वाचा.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण करायचं असेल तर

तेन्तेना हे सरोवराच्या उत्तर टोकाचं गाव, पोसो शहरापासून सुमारे ५७ किलोमीटर. पर्यटक व्हिसावर भाषिक सामग्री गोळा करता येत नाही. परदेशी संशोधकाला ब्रिन या राष्ट्रीय संशोधन संस्थेची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. कापणीनंतरचा ‘पादुङ्कू’ सण गावागणिक वेगळ्या दिवशी येतो. तेव्हा गावाबाहेर राहणारेही परततात आणि देरो नृत्याच्या फेरात पद्यं गायली जातात. बोलणारे भेटायला हा उत्तम काळ. शब्द टिपायला मात्र सणाचा गलबला नको, त्यासाठी आधीचे किंवा नंतरचे दिवस ठेवा.

मुद्रण वेव्ह प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. संक्षेपित फाइलमध्ये शब्दारंभीचा हलका अनुनासिक आणि कंठ्य स्फोट पुसट होतात, आणि नेमकं तेच तपासायचं असतं. सुरुवातीला १५० ते २०० शब्द, प्रत्येक तीनदा, दोन उच्चारांत पूर्ण थांबून. तिसऱ्या वेळी आवाज उतरतो, म्हणून विश्लेषणाला दुसरा उच्चार घ्या.

शरीराचे अवयव आणि नातेसंबंध विचारताना उत्तरात प्रत्यय चिकटून येतो. ‘डोळा’ विचारलात तर ‘माताकू’ किंवा ‘मातामू’ ऐकू येतं. तीन व्यक्तींसाठी विचारा, समान राहतो तो मूळ शब्द. इंडोनेशियन शब्द सांगून भाषांतर मागितलं तर कधी इंडोनेशियन शब्दच पामोनाच्या उच्चारात परत येतो. चित्र किंवा वस्तू दाखवा, आणि ‘आजी-आजोबा याला काय म्हणायचे?’ असं वेगळं विचारा. दोन्ही उत्तरं ठेवा. नवा शब्द चुकीचा नसतो.

बोलणाऱ्याच्या नोंदीत जन्मगाव आणि आजचं गाव वेगळे रकाने हवेत. १९९८ ते २००१ मधल्या ख्रिस्ती-मुस्लिम संघर्षात पोसोच्या परिसरातली असंख्य कुटुंबं घरं सोडून गेली आणि त्यातली कितीतरी तेन्तेनात स्थिरावली. फक्त ‘तेन्तेना’ लिहिलंत तर बोलीच्या नकाशावर तो शब्द चुकीच्या जागी पडेल. आई-वडिलांची भाषा, वयोगट आणि घरात बोलल्या जाणाऱ्या इतर भाषाही लिहा. जन्मगाव का विचारता आहात ते आधी सांगा. त्या काळाबद्दल कुणी स्वतःहून बोलू लागलं तर ऐका, पण मुद्रण थांबवून वेगळी परवानगी घ्या.

मुक्त संभाषणाच्या एका मिनिटाला लेखी उतरवायला नवख्याला तासभर लागतो, म्हणून दहा मिनिटांहून लांब मुद्रण एका बैठकीत करू नका. ईलॅन या मुद्रण लेखी उतरवण्याच्या संगणकप्रणालीत तीन ओळी ठेवा: उच्चाराप्रमाणे लेखन, मुळं आणि प्रत्यय सुटे करून लेखन, आणि इंडोनेशियन अर्थ. तिसरी ओळ मराठीत ठेवण्याचा मोह होईल, पण मग बोलणाऱ्याला ती तपासता येणार नाही. गाव सोडण्याआधी त्याच्यासोबत बसून ती एकदा वाचा. त्याच बैठकीत मुद्रणाची प्रत द्या, आणि ती एमपी३ मध्ये द्या, कारण वेव्ह फाइल फोनमध्ये फार जागा खाते.